मलबार व खंबाला टेकड्यांवरील उत्तुंग इमारतींमधील भाड्याची घरे : मुंबईतील भाडेनियंत्रणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

मुंबई शहराच्या दक्षिणेकडील मलबार व खंबाला या टेकड्यांवरील शांत वस्तीत, उंच इमारतीतील प्रशस्त सदनिका भाड्याने मिळणे ही आज अत्यंत मर्यादित वर्गाला शक्य असलेली गोष्ट आहे. यामागे जमिनीची टंचाई, समुद्राचे सान्निध्य आणि वस्तीची प्रतिष्ठा ही कारणे सामान्यतः सांगितली जातात. प्रस्तुत निबंधात या कारणांच्या जोडीने भाडेविषयक कायद्यांचा इतिहास तपासला आहे. १९४७ च्या कायद्याने भाडेकरूस दिलेले संरक्षण, ते टाळण्यासाठी रूढ झालेला परवाना करार, १९७३ व १९८७ च्या दुरुस्त्या आणि १९९९ चा अधिनियम यांमधून भाडेकरूच्या निवडीचा निकष कसा बदलत गेला, याचा येथे विचार केला आहे.

बीजशब्द : भाडेनियंत्रण, प्रमाणभूत भाडे, पागडी, परवाना करार, गृहनिर्माण सोसायटी, उत्तुंग इमारत.

१. प्रस्तावना

मुंबईतील भाड्याच्या घरांचा इतिहास म्हटले की गिरणगावातील चाळ डोळ्यांसमोर येते. चाळीविषयी विपुल लेखन झाले आहे आणि ते योग्यच आहे. कारण शहरातील बहुसंख्य कष्टकरी जनता तेथेच भाड्याने राहत होती. परंतु शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरील बंगल्यांत आणि पुढे त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतही भाडेकरूच राहत होते. या भाडेकरूंकडे इतिहासलेखनाचे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. चाळीतील खोली आणि समुद्राभिमुख सदनिका यांच्यात कोणतेही साम्य नाही असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि, सुमारे अर्धशतकभर या दोन्ही जागांना एकच कायदा लागू होता. तो गरिबाच्या खोलीचे रक्षण करण्यासाठी झाला होता. श्रीमंत वस्तीतील भाड्याच्या व्यवहारालाही त्याने आकार दिला. हा आकार समजून घेणे हे या निबंधाचे उद्दिष्ट होय.

२. टेकडी, बंगला आणि भाडेकरू

मलबार टेकडीच्या पायथ्याशी वाळकेश्वर व बाणगंगा ही प्राचीन तीर्थक्षेत्रे आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पारशी समाजाने टेकडीवर आपला पहिला दोखमा बांधला व त्याभोवतीची झाडी जतन केली. १८८० च्या दशकात गव्हर्नरचे निवासस्थान परळहून कायमस्वरूपी मलबार पॉइंट येथे हलविण्यात आले. याच सुमारास टेकडीवरील जलाशयावर हँगिंग गार्डनची उभारणी झाली. तीर्थ, स्मशानभूमी, शासकीय निवास आणि जलाशय या चारही गोष्टींमुळे टेकडीवरील मोठी जागा बाजार व कारखाने यांपासून मुक्त राहिली. आज या वस्तीची शांतता म्हणून जी वाखाणली जाते, तिचा पाया अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातच घातला गेला होता. पुढे ही शांतता घराच्या भाड्यात मोजली जाऊ लागली, एवढाच फरक झाला.

एकोणिसाव्या शतकात कोटाबाहेर राहावयास आलेल्या युरोपीय अधिकारी व व्यापारी वर्गाने या टेकड्यांवर बंगल्यांची वस्ती केली. त्यांपैकी अनेक बंगल्यांची मालकी पारशी व अन्य भारतीय धनिकांकडे होती. राज्यकर्ता वर्ग भाडेकरू आणि प्रजेतील धनिक घरमालक, असे हे नाते होते. बदली होताच साहेब बंगला सोडी आणि त्याच्या जागी दुसरा साहेब येई. घर कायमचे अडकून पडेल ही भीती त्या काळातील घरमालकाला नव्हती. भाड्याने राहण्यात कमीपणा आहे, अशी समजूतही या वर्गात नव्हती.

१९३० व १९४० च्या दशकांत बॅकबे भरावक्षेत्रावर मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानाच्या परिसरात आर्ट डेको शैलीच्या इमारती उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह या समूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. उद्वाहन अर्थात लिफ्ट, स्वतंत्र स्नानगृहे व सज्जे असलेल्या या सदनिका प्रामुख्याने भाड्याने देण्यासाठीच बांधल्या गेल्या होत्या. लिफ्टच्या वापराचे नियमन करणारा मुंबई लिफ्ट अधिनियम १९३९ चा आहे, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय ठरते. जिने चढण्याचा त्रास संपताच वरचा मजला गैरसोयीचा न राहता हवा, प्रकाश व दृश्य यांमुळे अधिक भाड्याचा झाला. अशा प्रकारे उंची आणि भाडे यांची सांगड स्वातंत्र्यापूर्वीच घातली गेली होती.

३. युद्धकालीन नियंत्रण व १९४७ चा कायदा

पहिल्या महायुद्धाच्या काळात शहरातील भाडी झपाट्याने वाढल्यामुळे १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. त्याचे स्वरूप तात्पुरते होते. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी १९३९ मध्ये पुन्हा कायदा करण्यात आला. त्याचा रोख कमी भाड्याच्या जागांकडे होता. १९४४ च्या कायद्याने नियंत्रणाची कक्षा वाढविली. या सर्वांचे एकत्रीकरण म्हणजे मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ हा होय.

या अधिनियमातील दोन तरतुदी मूलभूत आहेत. पहिली, १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे सामान्यतः प्रमाणभूत भाडे मानले गेले व त्याहून अधिक भाडे घेणे बेकायदेशीर ठरले. दुसरी, भाडेकरू प्रमाणभूत भाडे देण्यास तयार असेल तोवर, कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज त्यास घराबाहेर काढता येत नसे. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे शहरात येत असताना या तरतुदींनी असंख्य कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर टिकवून धरले, हे नाकारता येत नाही. परंतु चाळीतील खोली व टेकडीवरील सदनिका यांत कायद्याने भेद केला नाही. ज्या सधन भाडेकरूस बाजारभावाने भाडे देणे सहज शक्य होते, त्यालाही १९४० च्या भाड्याचा लाभ मिळाला.

याचे परिणाम सर्वज्ञात आहेत. ठरावीक भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना. इमारती खचू लागल्या. अखेर १९६९ मध्ये शासनास दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी कायदा करावा लागला आणि शहर बेटावरील १९ हजारांहून अधिक इमारती उपकराच्या कक्षेत आल्या. दुसरीकडे, भाडेहक्क विकत घेण्यासाठी द्यावयाची पागडीची रक्कम कायद्याने गुन्हा ठरवूनही व्यवहारात राहिली. ज्या वस्तूचा दर कायद्याने गोठविला, तिची किंमत टेबलाखालून वाढत गेली.

४. मालकीची सदनिका आणि उंच इमारत

भाड्याने देण्यासाठी इमारत बांधण्यात अर्थ उरला नाही, तेव्हा भांडवल विक्रीसाठी बांधकामाकडे वळले. यासाठी लागणारी संस्थात्मक चौकट शहरात आधीपासून उपलब्ध होती. रावबहादूर श्री. सु. तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे १९१५ मध्ये स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण सोसायटी ही देशातील सहकारी गृहनिर्माणाची आद्य संस्था मानली जाते. मध्यमवर्गाला माफक भाड्यात निवारा मिळावा, ही त्यामागील प्रेरणा होती. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० व मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा १९६३ चा अधिनियम यांच्या आधारे हीच चौकट श्रीमंत वस्तीतील सदनिकांच्या विक्रीसाठी वापरली गेली. गावदेवीतील माफक घरासाठी शोधलेले साधन टेकडीवरील आलिशान घराच्या कामी आले.

याच काळात बंगल्यांच्या जागी उंच इमारती येऊ लागल्या. कारमायकेल रोडवर १९६० च्या दशकात उभी राहिलेली पंचवीस मजली ‘उषा किरण’ ही इमारत त्या काळी देशातील सर्वांत उंच इमारतींत गणली जात असे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी खंबाला टेकडीवर उभारलेली ‘कांचनजंगा’ ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. सुमारे ८४ मीटर उंचीच्या या इमारतीत केवळ ३२ सदनिका आहेत. जुन्या बंगल्याभोवतीच्या व्हरांड्याची कल्पना कोरिया यांनी दुमजली उंचीच्या बागेच्या सज्जांच्या रूपाने आकाशात नेली. बंगल्यातील वारा, सावली व एकांत या गोष्टी उंच इमारतीत पुन्हा मिळवून देण्याचा हा विचारपूर्वक प्रयत्न होता. मात्र या सदनिकांचे अर्थकारण जुन्या बंगल्याच्या अर्थकारणाहून वेगळे होते. एका मालकाच्या जागी आता अनेक सदनिकाधारक आणि त्यांची सोसायटी आली होती. यांतील एखाद्या सदनिकाधारकास आपले घर काही काळ दुसऱ्यास द्यावयाचे झाल्यास ते परत कसे मिळवावे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला.

५. भाडेपट्टा की परवाना?

या प्रश्नाचे उत्तर १८८२ च्या दोन कायद्यांतील भेदात शोधण्यात आले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार भाडेपट्ट्यामुळे मालमत्तेतील उपभोगाचा हक्क भाडेकरूकडे हस्तांतरित होतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार परवान्यामुळे असा कोणताही हक्क निर्माण होत नाही; जागा वापरण्याची केवळ मुभा मिळते. १९४७ चा कायदा भाडेकरूचे संरक्षण करीत होता, परवानाधारकाचे नव्हे. त्यामुळे ‘लिव्ह अँड लायसन्स’ या नावाने ओळखला जाणारा करार मुंबईत रूढ झाला. यात भाड्यास भाडे न म्हणता ‘मोबदला’ म्हटले जाते आणि मालक व परवानाधारक यांच्यात भाडेकरूचे नाते नाही, असे आवर्जून नमूद केले जाते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची असल्याने अकरा महिन्यांच्या मुदतीचा प्रघातही पडला.

दस्तऐवजाच्या शीर्षकाला न भुलता पक्षकारांचा खरा हेतू व जागेचा अनन्य ताबा पाहिला पाहिजे, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स खटल्यात १९५९ मध्ये मांडले. त्यामुळे परवाना करारातील अनिश्चितता कायम राहिली. पुढे राज्य विधिमंडळाने १९७३ मध्ये दुरुस्ती करून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेच्या ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. नाव बदलून संरक्षण हिरावून घेतलेल्या हजारो रहिवाशांना यामुळे न्याय मिळाला. घरमालकांनी मात्र यातून निराळाच धडा घेतला. आज दिलेला परवाना उद्याच्या दुरुस्तीने भाडेहक्कात रूपांतरित होऊ शकतो, असा तो धडा होता. घर कुलूप लावून ठेवणे हे भाड्याने देण्यापेक्षा सुरक्षित वाटू लागले. बंद घरांची समस्या केवळ नफेखोरीतून उद्भवली, हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरते. तिच्यामागे या भीतीचाही वाटा आहे.

६. कंपनी-भाडेकरू आणि अनामत रक्कम

या भीतीच्या वातावरणातही टेकडीवरील सदनिका भाड्याने दिल्या जात राहिल्या. परंतु व्यक्तीस नव्हे, तर संस्थेस. परदेशी वकिलात, बँक किंवा नामांकित कंपनी आपल्या अधिकाऱ्यासाठी सदनिका घेई. अधिकाऱ्याची बदली ठरलेली असे, त्यामुळे तो घरावर कायमचा हक्क सांगण्याची शक्यता कमी मानली जाई. एकोणिसाव्या शतकातील बदलीवर जाणारा साहेब या रूपाने पुन्हा अवतरला, असे म्हणता येईल.

या व्यवहारात मासिक मोबदला कमी व बिनव्याजी अनामत रक्कम फार मोठी, अशी पद्धत प्रचलित झाली. तिची कारणे करआकारणीत होती. मुंबई महानगरपालिकेचा मालमत्ता कर २०१० पूर्वी जागेच्या वार्षिक भाडेमूल्यावर आधारित होता. मासिक मोबदला जितका कमी दाखविला जाई, तितका मालमत्ता कर व आयकर यांचा भार कमी करण्यास वाव मिळे. अनामतीवरील व्याज हेच मालकाचे खरे भाडे असे. एवढी रक्कम गुंतवून ठेवणे नोकरदार कुटुंबास अशक्य होते. परिणामी, कायद्याने घातलेल्या मर्यादेबाहेरचा हा व्यवहार आपोआपच भांडवल हाती असलेल्यांपुरता उरला.

१९८७ च्या दुरुस्तीने मुदत संपलेल्या परवानाधारकाविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्यापुढे संक्षिप्त कार्यवाहीची सोय केली. दिवाणी दाव्यात वर्षानुवर्षे अडकण्याची भीती त्यामुळे काहीशी कमी झाली. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने परदेशी बँका व बहुराष्ट्रीय कंपन्यांचे अधिकारी शहरात येऊ लागले आणि नरिमन पॉइंटच्या कार्यालयांपासून जवळ असलेल्या या टेकड्यांवरील सदनिकांची मागणी वाढली. १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईतील जागांचे दर जगातील सर्वाधिक दरांत गणले जात होते.

७. १९९९ चा अधिनियम आणि त्याची दुहेरी दिशा

प्रमाणभूत भाडे १९४० च्या पातळीवर गोठविणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये दिलेल्या निर्णयात व्यक्त केले. त्यानंतर संमत झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवून भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा त्याने दिली. पागडीचा व्यवहार, जो पूर्वी गुन्हा होता, तो कायदेशीर करण्यात आला. परवाना करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे झाले व ती जबाबदारी घरमालकावर टाकण्यात आली. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकास मोबदल्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्याची तरतूद झाली.

या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद निराळीच आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा अधिनियमाच्या संरक्षणातून वगळण्यात आल्या. ज्यांना बाजारभावाने भाडे देणे शक्य आहे त्यांना संरक्षणाची गरज नाही, हे यामागील तत्त्व योग्यच आहे. परंतु घरमालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा झाला की, ज्याला कायद्याचे संरक्षण नाही तोच सर्वांत इष्ट भाडेकरू होय. संरक्षणाचा अभाव हीच भाडेकरूची पात्रता ठरली.

या दुहेरी दिशेचे दर्शन टेकडीच्या उतारावर सहज घडते. जुन्या इमारतीतील पागडीच्या सदनिकेत एखादे कुटुंब तीन पिढ्या काही शे रुपये भाड्यात राहत असते; घर गळत असते, पण त्यांना कोणी बाहेर काढू शकत नाही. समोरच्या उंच इमारतीतील परवानाधारक महिन्याला काही लाख रुपये मोजतो. घर सर्व सुखसोयींनी युक्त असते, पण ठरलेल्या दिवशी ते त्याला सोडावेच लागते. एकाकडे स्थैर्य आहे, सुविधा नाही. दुसऱ्याकडे सुविधा आहे, स्थैर्य नाही. शिक्षक, परिचारिका, कारकून अशा वर्गास माफक भाड्यात आणि वाजवी स्थैर्यासह राहता येईल, असे घर या दोहोंच्या मध्ये क्वचितच आढळते.

८. सोसायटी आणि भाडेकरू

उंच इमारतीतील भाडेकरूचा संबंध केवळ सदनिकाधारकाशी येत नाही. लिफ्ट, पाणी, वाहनतळ व सुरक्षारक्षक यांवर सोसायटीचे नियंत्रण असते. सदनिका भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून सोसायट्या बिनभोगवटा शुल्क आकारतात. हे शुल्क मनमानी होऊ लागल्याने राज्य शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी आदेश काढून ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. केम्स कॉर्नरनजीकच्या माँ ब्लाँ सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ही मर्यादा वैध ठरविली. आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी आवश्यक नाही, पूर्वसूचना पुरेशी आहे. व्यवहारात मात्र ना-हरकत प्रमाणपत्राची मागणी होत राहते आणि आहार, धर्म वा वैवाहिक स्थिती यांवरून भाडेकरू नाकारला जाण्याच्या तक्रारी वारंवार पुढे येतात. वस्तीची शांतता राखण्याचे कारण अशा वेळी सांगितले जाते. टेकडीची शांतता मुळात दोखम्याच्या झाडीने व जलाशयाच्या मोकळ्या जागेने राखली होती. ती कोणास प्रवेश नाकारून निर्माण झालेली नव्हती, याचे भान येथे ठेवावयास हवे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, टेकड्यांवरील भाड्याच्या घराची परंपरा उंच इमारतींहून जुनी आहे आणि तिच्यातील आदर्श भाडेकरू प्रारंभापासून ‘बदलीवर जाणारा’ असाच राहिला आहे. दोन, १९४७ च्या कायद्याने गरीब व श्रीमंत भाडेकरूंत भेद न केल्यामुळे भाड्यासाठी इमारती बांधण्याची प्रेरणा लोप पावली आणि सदनिकांची मालकी हेच घराचे मुख्य रूप झाले. तीन, १९७३ पासून १९९९ पर्यंतच्या घडामोडींत घरमालकाने भाड्याच्या रकमेइतकेच महत्त्व भाडेकरूच्या निघून जाण्याच्या हमीस दिले. आलिशान सदनिकेच्या भाड्यात समुद्र, उंची व शांतता यांच्याबरोबर या हमीचीही किंमत सामावलेली आहे.

या इतिहासाचे व्यापक परिणाम आकडेवारीत दिसतात. केंद्र शासनाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार भारतीय शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. त्याच पाहणीत मुंबईतील रिकाम्या घरांची संख्या सुमारे ४.८ लाख, म्हणजे देशातील शहरांत सर्वाधिक असल्याचे नमूद आहे. दाटीवाटीच्या शहरात एवढी घरे रिकामी असावीत, ही वस्तुस्थिती केवळ टंचाईच्या सिद्धान्ताने उलगडत नाही. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरार अधिनियमाचा मसुदा मंजूर केला आणि निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवण्याची शिफारस केली. अनामतीच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर ही शिफारस अर्थपूर्ण आहे.

भाडेकरूस हवे असलेले स्थैर्य आणि घरमालकास हवी असलेली परतीची खात्री या दोन्ही अपेक्षा न्याय्य आहेत. मुंबईच्या कायद्याने प्रथम एकीचा आणि नंतर दुसरीचा पुरस्कार केला. दोहोंचा समतोल त्यास अद्याप साधता आलेला नाही. तो साधला जाईपर्यंत शहरातील सर्वांत सुखसोयींचे भाड्याचे घर, ज्यास कायमच्या घराची निकड सर्वांत कमी आहे, त्याच्याच वाट्याला येत राहील.